नाना शेट्यांनी दुकान वाढवलं

नाना शेट्यांचा जगात कुणावरही विश्वास नव्हता. दूधवाल्यावर नव्हता, पोस्टमनवर नव्हता, वेधशाळेवर तर नव्हताच नव्हता. किती वाजले हे ते दोघांना वेगवेगळं विचारायचे आणि दोघांची वेळ जुळली तर म्हणायचे, "ठरवून आलाय व्हय रं?" अशा माणसानं 'ग्राहकांचा विश्वास हेच आमचे भांडवल' असं लिहून इंटरनेटवर धंदा काढावा, यासारखा विनोद आमच्या सांगलीत त्या काळात दुसरा झाला नसेल. तो मी पहिल्या रांगेत बसून पाहिला, कारण ते इंटरनेट माझ्याच खोलीत यायचं.

माझा टायपिंगचा क्लास नानांच्या किराणा दुकानाच्या माडीवर होता. नव्वदचं दशक संपत आलं तशी खटखट करणाऱ्या मशिनी कमी झाल्या आणि मी कर्ज काढून एक कॉम्प्युटर घेतला. त्याला फोनची लाइन जोडली, की आधी चरकात ऊस घातल्यासारखा आवाज यायचा आणि नशिबात असेल तर इंटरनेट लागायचं. खाली दुकानात नानांचा फोन होता, पण त्याच्या तबकडीला पितळी कुलूप आणि त्याची किल्ली नानांच्या करदोट्याला. कुणी फोन मागितला की नाना सदरा वर करून, पोट आत ओढून किल्ली शोधायला लागायचे. ते दृश्य बघितल्यावर बायका म्हणायच्या, "राहू द्या नाना, पत्रच घालते मी."

दुकान तसं जुनं, पण चालेनासं झालं होतं. नाक्यावर नवा सुपर बझार झाला होता. तिथं बायका स्वतःच्या हातानं टोपलीत पुडे टाकायच्या. नाना एकदा बघून आले आणि म्हणाले, "आवं बाई, सगळा माल उघडा! कुणीबी हात लावतंय! त्यो मालक येडा हाय का?" त्यांच्या स्वतःच्या दुकानात मुगाच्या डाळीलासुद्धा झाकण होतं आणि झाकणावर वजन. गिऱ्हाईक आत आलं की नाना त्याच्या हाताकडं बघायचे, चेहऱ्याकडं नंतर.

दुकान तगून होतं ते एका गोष्टीवर, आक्कांच्या कांदा-लसूण मसाल्यावर. आक्का म्हणजे नानांची थोरली बहीण. सासर म्हसवडचं, पण यजमान लवकर गेले. तेव्हापासून साताऱ्यात एकट्या राहायच्या. मिरच्या त्या स्वतः निवडणार, कांदा स्वतः वाळवणार, खोबरं स्वतः भाजणार आणि कांडताना कुणी मध्ये बोललं तर मुसळ उगारणार. तो मसाला नुसत्या भाकरीवर तेल घालून खाल्ला तरी माणूस पाणी न पिता जेवण संपवायचा, कारण पाणी प्यायला उठलं तर चव जाईल. मी हे उगाच सांगत नाही. मी स्वतः कोकणातली, आमच्याकडं तिखट म्हणजे गुन्हा. तरी मला त्या मसाल्याचं व्यसन लागलं होतं.

मसाला साताऱ्याहून एसटीनं यायचा, कंडक्टरच्या ओळखीनं. आणि नानांचा कंडक्टरवर विश्वास असणं शक्यच नव्हतं. म्हणून आक्का डब्याला सुतळीची एक खास गाठ मारायच्या. ती गाठ जगात फक्त त्या दोघांना येत होती, लहानपणी बापानं शिकवलेली. एकदा डबा उतरला तर गाठ वेगळी! नानांनी स्टँडवर गाडी अडवली. "उघडलायस का न्हाई सांग! कऱ्हाडला उघडलास का इस्लामपुराला, तेवढंच सांग!" कंडक्टर धिप्पाड गडी, त्यानं शांतपणे स्वतःचा जेवणाचा डबा उघडून नानांच्या नाकाखाली धरला. "हुंगा. बायकोनं दुधी दिलाय. तुमचा मसाला काढला असता तर ह्यो दुधी खाल्ला असता का मी?" सगळा स्टँड हसला. नंतर कळलं, आक्कांचं बोट विळीवर कापलं होतं म्हणून शेजारच्या जैनबभाभींनी गाठ मारली होती. नानांनी कंडक्टरची माफी मागितली का? छे. ते आक्कांवर चिडले, परक्या बाईला डब्याला हात लावू दिला म्हणून.

नानांचा मुलगा अविनाश पुण्याला कॉम्प्युटरचा कोर्स करून आला आणि आल्या आल्या त्यानं दोन शब्द बापाच्या डोक्यात सोडले: 'ऑनलाइन' आणि 'ट्रस्ट'. परदेशातली मराठी माणसं आपल्या चवीसाठी तडफडतायत, त्यांना फक्त विश्वास वाटला पाहिजे, असं तो सांगायचा. नानांनी विचारलं, "आनि आपल्याला त्यांचा कसा वाटायचा?" तरी वेबसाइट झाली, माझ्या खोलीत, माझ्या कॉम्प्युटरवर, माझाच चहा पिऊन.

पहिला वाद झाला तो किती माणसं साइट बघून गेली ते दाखवणाऱ्या आकड्यावरून. तो शून्यापासून सुरू होणार म्हटल्यावर नाना कडाडले. "शून्यापास्नं? अपशकुन! अकरा हजार एकपास्नं सुरू कर." म्हणजे पहिलं गिऱ्हाईक यायच्या आधीच अकरा हजार एक माणसं येऊन गेली होती. दुसरा वाद 'आवडलं नाही तर परत पाठवा' या ओळीवरून. "निम्मा खाऊन पाठवतील की! मानसाची जात हाय ती." शेवटी तडजोड झाली आणि साइटवर इंग्रजीत लिहिलं गेलं, त्याचा अर्थ असा: आवडलं नाही तर कळवा, आम्हाला वाईट वाटेल. गंमत म्हणजे ती ओळ लोकांना फार आवडली. एकानं तर कळवलं, इतका प्रामाणिक दुकानदार अख्ख्या अमेरिकेत नाही.

तिसरा वाद फोटोचा. अवीला साइटवर आक्कांचा फोटो हवा होता. आक्का फोटो काढून द्यायला तयार होईनात. "माझं काय लगीन ठरवताय व्हय?" मग या गड्यानं काय करावं? कुठल्याशा जुन्या कॅलेंडरवरची नऊवारी नेसलेली, गोरीपान, हसरी म्हातारी कापून स्कॅनरच्या मशिनीतून कॉम्प्युटरात घातली आणि खाली लिहिलं, 'आमच्या आक्का'. आक्का एकदा डोळे दाखवायला मिरजेला आल्या होत्या, तेव्हा जिना चढून माझ्याकडं आल्या. पडद्याकडं बघून म्हणाल्या, "ही कोण टवळी?"

नानांनी अगदी गंभीरपणे सांगितलं, "आक्का, हिच्या तोंडाकडं बघून लोकांचा विश्वास बसतोय. तुझ्या तोंडाकडं बघून न्हाई बसायचा."

"व्हय की," आक्का म्हणाल्या, "मग मसालाबी हिलाच कुटायला सांग, नान्या." आणि खाली गेल्या. जाताना गुळाच्या ढेपेवरचं वजन बाजूला करून त्यांनी मोठा खडा उचलला आणि नानांच्या डोळ्यांदेखत खाल्ला. जगात एवढं धाडस करणारी ती एकच व्यक्ती होती. नाना वजन परत ठेवत नुसते पुटपुटले.

पण खरं सांगू का, धंदा चालला तो ना फोटोनं, ना आकड्यानं. चालला तो नानांच्या संशयानं. कुणाचीही मागणी आली की नाना मला उलट मेल टाईप करायला लावायचे: तुम्ही कुठले? कुणापैकी? आजोळ कुठलं? गावात घर कुठं होतं आणि आता तिथं कोण राहतं? सोयरीक जुळवताना विचारावं तसं. अवी कपाळ बडवून घ्यायचा. "नाना, हा कस्टमर आहे, नवरा मुलगा नाही!" पण लोक उत्तरं पाठवायचे, लांबलचक. कॅलिफोर्नियात बसलेला इंजिनियर सांगायचा, आमचं घर वाईला घाटाजवळ, शेजारी सोनाराचं दुकान. दुबईचा एक जण सांगायचा, मामा शिरवळला होते, लहानपणी सुट्टीत जायचो. कितीतरी वर्षांत त्यांना कुणी 'कुणापैकी' म्हणून विचारलंच नव्हतं. नानांना वाटायचं आपण त्यांना तपासतोय, आणि ती माणसं तिकडं विरघळून जायची. अवी जे पुस्तकात शोधत होता ते बापाच्या तोंडात होतं, फक्त बापाला ते ठाऊक नव्हतं.

त्यातल्याच एक सुशीलाबाई. वय झालेलं, मुलाकडं न्यू जर्सीत असायच्या. माहेर म्हसवडचं, सिद्धनाथाच्या देवळामागचं. त्यांची सून मेल पाठवायची, मराठीच पण इंग्रजी अक्षरांत. आक्कांचं सासर म्हसवडचं कळल्यावर त्या मसाला कमी आणि निरोप जास्त मागवायला लागल्या. आक्कांना विचारा, रथाच्या यात्रेला गेल्या होत्या का. आक्कांना सांगा, गुडघ्याला एरंडेल लावा. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. मी निरोप वाचायची, नाना ते डोक्यात ठेवायचे आणि साताऱ्याला गेले की जसेच्या तसे सांगायचे. निरोपाबद्दल मात्र त्यांनी कधी शंका घेतली नाही.

आता नानांच्या इंग्रजीबद्दल सांगायला हवं, कारण सगळं घोडं पुढं तिथंच पेंड खाणार होतं. मी इंग्रजीची पदवीधर, पण नानांना माझ्या इंग्रजीचा भरवसा नव्हता. "तुमी मनानं घालताय काय तरी," असा त्यांचा आरोप. म्हणून त्यांनी रद्दीतून एक शब्दकोश आणला होता. प्रत्येक वाक्याला ते कोश उघडून, शब्दावर बोट ठेवून म्हणायचे, "ह्यो शब्द. ह्योच टाका." एकदा 'मसाला तोंडाला लागला' याचं त्यांनी जे इंग्रजी करायला लावलं, त्यावर दुबईहून काळजीनं विचारणा आली, की इजा मोठी आहे का?

आणि मग फाल्गुनात आक्का गेल्या. आजारी नाही, काही नाही. दुपारी मिरच्या निवडायला बसल्या आणि सुपावरच कलंडल्या. जैनबभाभींनी फोन केला. नानांनी कुलूप लावलेल्या त्या फोनवर ते ऐकलं आणि रिसीव्हर तसाच लोंबकळत ठेवून स्टँडवर गेले.

लग्न झालेल्या बहिणीचं सुतक भावाला तीनच दिवसांचं, असं गुरुजींनी सांगितलं. नाना म्हणाले, "तुमचं शास्तर तुमच्यापाशी ठेवा. मी तेराव्यापतोर दुकान उघडणार न्हाई." सांगलीला परत आले ते थेट जिना चढून माझ्याकडं. मागणीदारांना कळवायला हवं होतं. अवी आधीच येऊन बसला होता. त्याला दुःख नव्हतं असं नाही. पण त्याच्या डोळ्यांसमोर साइट होती.

"नाना, दुकान बंद आहे एवढंच लिहायचं. आक्कांचं काही नाही लिहायचं," तो म्हणाला. "लोक आक्कांच्या हातचा म्हणून घेतात. मिरजेत डंकावर कुटून घेऊ, मापं मला माहीत आहेत. डबा तोच, लेबल तेच."

"अरे, पण आक्का गेल्या ना!" मला राहवलं नाही.

"बाई, साइटवरच्या आक्का कुठं गेल्यात?" अवी म्हणाला.

आणि खरंच, पडद्यावर ती कॅलेंडरवाली म्हातारी मजेत हसत होती. तिला काय धाड भरली होती! मी नानांकडं बघितलं. दुकान बुडालं तर या वयात ते कुठं जाणार होते, हे मलाही कळत होतं. पण त्या डब्यावर आक्कांचं नाव होतं, आणि ते आता खोटं होणार होतं. नानांनी टोपी काढून हातात फिरवली. मग म्हणाले, "पोराचं ऐकू. नाव नका घालू. दुकानाचं तेवढं कळवा."

मी टाईप केलं, शॉप इज क्लोज्ड. नानांनी वाचायला लावलं आणि ताडकन उठले. "क्लोज? क्लोज म्हंजे बंद ना? दुकानाला बंद म्हणत्यात का कवा? अवदसा आठवली का काय! दुकान वाढवलं म्हणायचं!"

आता हे आपल्याकडचंच. बांगडी फुटत नाही, वाढते. नारळ फोडत नाही, वाढवतो. तसं दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. पण हे इंग्रजीला कोण सांगणार? मी जीव तोडून समजावलं. नानांनी कोश उघडला आणि बोट ठेवलं. "हे बघा. वाढवणे, इन्क्रीज. छापलंय का न्हाई? मग तुमी छापणाऱ्यापरास शहाण्या हाय का?"

गेला मेल सगळ्या जगाला: घरगुती कारणामुळे आमचे शॉप इज इन्क्रीज्ड.

दोन दिवसांत अभिनंदनांचा पाऊस. एकानं नव्या शाखेचा पत्ता विचारला. एकानं लिहिलं, घरगुती कारण म्हणजे सूनबाई आली वाटतं, शुभेच्छा! दुकान मोठं झालं म्हणून लोकांनी मागण्याही मोठ्या केल्या. अवी खुर्चीत मागं रेलून म्हणाला, "बघा, नशीब असतं एकेकाचं." मी मेल वाचत होते आणि नाना पाटावर बसवलेल्या नवऱ्यासारखे खाली मान घालून ऐकत होते. मला हसूही येत होतं आणि संतापही.

मग सुशीलाबाईंचा मेल उघडला. दोनच ओळी होत्या. सून तसंच टाईप करत असावी, त्यांनी सांगितलं तसं. मी वाचलं:

"नाना, दुकान वाढवलं म्हणता. कोण गेलं हो? आमच्या आक्का बऱ्या आहेत ना?"

अवी खुर्चीत सरळ झाला. नाना म्हणाले, "परत वाचा." मी वाचलं. "मी कुटं लिवलं कोण गेलं म्हणून?" ते चिडून म्हणाले. "नाव घातलं व्हतं का मी? मग हिला कसं कळलं?"

"नाना," मी म्हटलं, "मराठी बाईला एवढं सांगावं लागतं का?"

नानांनी तोंडावर टोपी धरली. त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते रडणं चांगलं नव्हतं, उचकी लागल्यासारखं, मोठ्यानं. साताऱ्यात खांदा देतानाही ते रडले नव्हते म्हणे. मलाही आवरेना. अवी उठून जिन्यात जाऊन उभा राहिला.

थोड्या वेळानं नानांनी नाक पुसलं. "लिवा," म्हणाले. "तिला लिवा. सगळ्यास्नी लिवा. आक्का गेली. फोटोतली बाई आक्का न्हवं. म्होरचा मसाला आक्काच्या हातचा नसंल. घ्यायचा त्यानं घ्यावा."

"आणि साइटवरच्या अकरा हजारांच्या आकड्याचं?" मी विचारलं.

"तेबी लिवा."

मी कोश त्यांच्याकडं सरकवला. त्यांनी तो बघितलाही नाही. "तुमी तुमच्या विंग्रजीत लिवा. वाचून दाखवू नका. मला ऐकवायचं न्हाई ते." आणि जिना उतरून गेले. दुसऱ्याचा शब्द न तपासता पुढं जाऊ देण्याची नानांच्या आयुष्यातली ती पहिली वेळ असावी. मी फार जपून लिहिलं.

बहुतेकांनी मागण्या मागं घेतल्या. काहींनी रागानं लिहिलं, फसवलंत. ज्यांनी प्रामाणिक दुकानदार म्हणून आरती ओवाळली होती, त्यांनीच सगळ्यात आधी पाठ फिरवली. खोट्या म्हातारीवर भरवसा ठेवला तेव्हा त्यांना चांगली झोप लागत होती, खरं कळलं तशी उडाली! थोडे राहिले. सुशीलाबाईंनी कळवलं, आक्कांचा नसला तरी तुमचा पाठवा, भाऊ तर त्यांचेच ना. अवी रुसून पुण्याला नोकरीला गेला.

त्या उन्हाळ्यात टायपिंगच्या परीक्षेच्या कामासाठी मी साताऱ्याला गेले होते. आक्कांच्या घराचं दार उघडं दिसलं म्हणून डोकावले. गल्लीच्या टोकापासूनच ठसका लागत होता. आत नाना. अंगात नुसता बंडी-पायजमा, डोळे लाल, नाकाला पंचा बांधलेला, चुलीवर कढई. शेजारी मुसळ. जैनबभाभी दारात बसून सूचना देत होत्या आणि नाना त्यांच्यावर ओरडत होते, पण त्यांनी सांगितलेलं करत होते. मला बघून त्यांनी पंचा खाली ओढला. परातीतला ताजा मसाला चिमूटभर घेतला, भाकरीच्या तुकड्यावर ठेवला, वर तेलाची धार सोडली आणि माझ्या हातात दिला.

मी खाल्ला. वाईट नव्हता. तिखट होतं, मीठ होतं, खोबरं जरा जास्त भाजलं होतं. नाना माझ्या तोंडाकडं टक लावून बघत होते.

"खरं सांगा बाई. आक्कासारखा हाय?"

"नाही नाना," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "मग डब्यावर तसंच लिवा," म्हणाले आणि घाईनं कढईकडं वळले, कारण धणे करपायला लागले होते.